उत्तरेश्वरनं मागितलेलं मशीन

घरात फर्निचरचं काम निघालं की टीव्हीवर प्लास्टिक टाकता. सुताराच्या नाकाचं काय हो? कात्रजचा उत्तरेश्वर सुतार वीस वर्षं प्लायवूडचा भुसा गिळतोय. खोकून खोकून त्याच्या बरगड्या दुखतात. खंडेनवमीला हत्यारं पुजायच्या आधी ठेकेदार यज्ञेश्वररावांनी ऐटीत विचारलं, "बोल, यंदा कोणतं नवं मशीन आणू?"

"कटरला जोडायचं, धूळ ओढायचं मशीन आणा, शेठ."

"अरे, लाकूड कापणारं माग! झाडलोटीला तू आहेस की!"

सगळे खिदळले. पूजेला नवाकोरा कटर आला, त्याला हार चढला. उत्तरेश्वरनं हातही लावला नाही. "आधी माझी छाती, मग तुमचा कटर," म्हणाला आणि घरी गेला. आज चौथा दिवस, त्याच्या जागी दुसरा सुतार भुसा गिळतोय. तुम्ही काम काढाल तेव्हा ठेकेदाराला धूळ ओढायचं मशीन आधी दाखवायला सांगा. नसेल तर दारातूनच परत पाठवा.