न आलेल्या गाडीची जागा
बोंबील सुकवायची माझी बांबूंची वलांडी मुलाने कोयत्याने तोडली, तेव्हा ओले बोंबील तिच्यावरच लटकत होते. पावसाळ्यात विकायचा तो माल मातीत पडला आणि मांजरांनी ओढून नेला. त्या जागी त्याला गाडी ठेवायची होती. हलकी, स्वस्तातली, दोन दारांची स्पोर्ट्स कार, जी बाजारात अजून आलीच नव्हती. “सीटला वास लागेल ना गं,” तो म्हणाला. “कुठल्या सीटला, मेल्या? गाडी कुठाय?” “दसऱ्याला येतेय, आये. फोटो बघ, कसली झकास!” नंतर त्याने तिथे सिमेंटचा कोबाही केला. दसरा गेला, कंपनीने नुसती तारीख पुढे ढकलली. आजही ओल्या सिमेंटचा वास आला की माझं डोकं फिरतं. तो पावसाळा दुसऱ्यांच्या दारात बसून, खाडीची कोळंबी मजुरीवर सोलून मी काढला, त्याच्या आईने.