सांगायचं आणि जायचं

शाळेत लागून तिसरा आठवडा चालू होता तेव्हा मुख्याध्यापिकेने नव्या बाईच्या हातात एक कागद ठेवला. वर छापलेलं होतं, ‘बालशिक्षणाविषयी माझे तत्त्वज्ञान’. खाली सगळं कोरं.

“पुढच्या महिन्यात तपासणी आहे. पानभर लिहा, आणि जरा बरं लिहा,” मुख्याध्यापिका म्हणाली.

नवी बाई वयाने काही नवी नव्हती. सदतीस पूर्ण, मुलगी दहावीला. शाळेआधी अकरा वर्षं तिने शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवल्या होत्या. तिथे साठ बायकांच्या ओळीला मोरीवर जायचे बिल्ले दोन. बिल्ला परत आल्याशिवाय दुसरीने उठायचं नाही, हा मुकादमाचा कायदा. बायका सकाळपासून घोटभरच पाणी प्यायच्या. हिचं मूत्रपिंड तीनदा सुजलं. तिसऱ्यांदा बारा दिवस दवाखान्यात काढले, आणि तिथेच तिने ठरवलं की आता पुन्हा त्या ओळीत बसायचं नाही. मोठी नणंद म्हणाली, “तू शिकायला जा, गॅसपाशी मी उभी राहते.” संध्याकाळचे वर्ग करून ती शिक्षिका झाली, ती अशी.

तिला पहिलीचा वर्ग मिळाला. बेचाळीस मुलं. दाराच्या खिळ्याला दोरीने एक लाल पाटी लटकलेली होती. पाटी गळ्यात घालून एकानेच लघवीला जायचं, तेही तास संपल्यावर. शेजारच्या वर्गावर तीस वर्षं काढलेल्या मोठ्या बाईंनी तिला पहिल्याच दिवशी समजावलं होतं, “एकाला सोडलंस की दहा उठतात. सुरुवातीलाच लगाम खेच, म्हणजे वर्ष नीट जातं.” पाटी पाहून नव्या बाईला कारखान्यातले ते दोन बिल्ले आठवले होते. पण ही शाळा, ही माणसं जाणती, आपण कालच्या, असं म्हणून तिने नव्या सुनेसारखी मान डोलावली.

कागद मिळाला त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. वर्गात वेल्डरची एक मुलगी होती, एका जागी ठरायची नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. नवी बाई फळ्यावर ‘म’ काढून दाखवत होती. भिंगरीने बोट वर केलं.

“थांब. घंटा होईलच आता.”

थोड्या वेळाने ती नुसतीच उभी राहिली.

“बस म्हटलं ना.”

तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही. मागच्या बाकावर खसखस पिकली म्हणून बाईने वळून पाहिलं, तर भिंगरीच्या बाकाखाली ओघळ आला होता. पोरगी मान खाली घालून पाटीवर ‘म’ गिरवत होती. तोच तोच ‘म’, खडू तुटेपर्यंत.

‘बस म्हटलं ना’ हे शब्द मुकादमाचे होते. अकरा वर्षं ज्या आवाजाला तिने मनातल्या मनात शिव्या घातल्या, तो आता तिच्याच तोंडातून निघाला होता. तिला स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावंसं वाटलं. सफाईवाल्या मावशींना हाक न मारता तिने स्वतः फडकं आणलं, गुडघ्यांवर बसून फरशी पुसली आणि वर्गाला सांगितलं, “हिने दोनदा विचारलं. मी ऐकलं नाही. चूक माझी आहे.”

“मग तुम्हाला शिक्षा?” पहिल्या बाकावरून प्रश्न आला.

“व्हायला पाहिजे,” ती म्हणाली.

भिंगरी तीन दिवस आली नाही. चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई तिच्या घरी गेली. वेल्डिंगच्या दुकानामागची एक खोली. आई इस्त्री करत होती. चार शब्द ऐकून घ्यायची तयारी करूनच बाई गेली होती, पण आईच ओशाळली.

“चूक पोरीचीच आहे बाई. शाळा सुटेपर्यंत पाणी प्यायचं नाही म्हणून मी बजावून ठेवलंय. त्या दिवशी ऊन होतं, प्यायली.”

“असं कोणी सांगितलं तुम्हाला?”

“थोरलीच्या वेळी शाळेतूनच सांगितलं होतं.”

बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सहा वर्षांची पोर तहान मारून अक्षरं गिरवते, आणि आई वर माफी मागते. ती कोपऱ्यात बसलेल्या भिंगरीसमोर जमिनीवर बसली. “माझं चुकलं. पुन्हा असं होणार नाही.”

“म्हणजे विचारलं की सोडणार?”

“विचारायचंच नाही. सांगायचं आणि जायचं.”

दुसऱ्या दिवशी तिने कात्रीने लाल पाटीची दोरी कापली. पहिला आठवडा वर्गाची जत्रा झाली. एका तासात पंधरा पंधरा मुलं उठायची. मोठ्या बाई दारात येऊन हाताची घडी घालून पाहायच्या. “सांगितलं होतं ना,” त्या म्हणाल्या. नव्या बाईने दातावर दात दाबून धरले. नवव्या दिवशी चौघं गेली. दहाव्या दिवशी तिघं. जाण्यात काही मजाच उरली नव्हती. भिंगरी बाटली घेऊन यायची आणि फळ्याकडे पाहत गटागट प्यायची.

मग तिने तो कागद लिहिला. मूल शाळेत येतं ते पोट, तहान, झोप आणि शेंबूड घेऊन येतं. ज्याचं सगळं लक्ष मांडीवर मांडी दाबून धरण्यात आहे, त्याला ‘म’ शिकवता येत नाही. आणि ज्याला स्वतःच्या शरीराचं खरं सांगायला परवानगी लागते, ते पुढे कशाचंच खरं सांगणार नाही. हे मला कारखान्यात कळलं होतं, तरी मी इथे विसरले.

मुख्याध्यापिकेने चष्मा काढला. “अहो, हे तत्त्वज्ञान आहे का? सर्वांगीण विकास, आनंददायी वातावरण, असं काही लिहा.”

“त्या आनंददायी वातावरणात पोरगी भिजली, मॅडम.”

“मी टाइप करून घेते. तुम्ही नुसती सही करा.”

तिने सही केली नाही. तिचा उमेदवारीचा काळ सहा महिन्यांनी वाढला. कारण लिहिलं होतं, सहकार्याची वृत्ती कमी. नणंद म्हणाली, “ठोकायची होती गं सही, काय बिघडलं असतं?” त्यावर ती दोन दिवस नणंदेशी धड बोलली नाही.

तपासणीच्या आदल्या दिवशी मात्र सगळ्याच वर्गांतल्या लाल पाट्या निघाल्या. पटलं म्हणून नव्हे, साहेबांना दिसतील म्हणून. मोठ्या बाईंनी आपली पाटी कपाटात जपून ठेवली. नव्या बाईला आनंद व्हायला हवा होता. उलट तिचा संताप वाढला, कारण कोणी चुकलो म्हणत नव्हतं.

तेव्हापासून शाळा सुटली की ती रोज दोन घरी जायची, आणि आयांना सांगायची, पोरांना बाटली भरून द्या, प्यायला सांगा. बेचाळीसपैकी एकोणतीस घरांत पाणी न पिण्याची ताकीद होती. प्रत्येक दारात ती शांतपणे बोलायची. पायऱ्या उतरताना मात्र मुकादमाला घातलेल्या त्याच शिव्या मनातल्या मनात शाळेला घालायची.