सरांनी न घेतलेलं ग्राफिक्स कार्ड

काही ऑफिसांत फायली साचतात, काहींत पाण्याच्या रिकाम्या बाटल्या. आमच्याकडे किस्से साचलेत! आणि गंमत म्हणजे सगळ्यांचं मूळ एकच: आमच्या उमाकांत सरांनी दोन वर्षं न घेतलेलं ग्राफिक्स कार्ड. घेतलं असतं तर विषय तिथेच संपला असता. घेतलं नाही, म्हणून आज मला चारचौघांत बोलायला एवढा मालमसाला मिळालाय.

आमचा कुकटपल्लीत छोटा स्टुडिओ आहे. बिल्डर लोकांसाठी आम्ही अजून न बांधलेल्या फ्लॅटच्या फिल्म बनवतो. दार उघडतं, हॉल दिसतो, बाल्कनीतून झाडं दिसतात. प्रत्यक्षात तिथे खड्डा असतो. ही सगळी चित्रं कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड तयार करतं, आणि आमचं कार्ड पार थकलं होतं. दोन मिनिटांच्या फिल्मला दोन दिवस! तोवर मी आणि माझा सहकारी सायनाथ चहा पीत बसायचो.

*

सर मूळचे बेगम बाजारचे. वडिलांचा मिरचीचा होलसेल धंदा. लहानपणापासून त्यांनी एकच गोष्ट पाहिलेली: नवा माल उतरला की जुन्याचा भाव पडतो.

मी पहिल्यांदा कार्डाचा विषय काढला तेव्हा ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "माधवी, नवीन मॉडेल दोन महिन्यांत येतंय. ते आलं की आत्ताचं मातीमोल होणार. तेव्हा उचलू. घाई कशाला?"

दोन महिन्यांनी नवीन मॉडेल आलं. ते जुन्यापेक्षा महाग होतं, आणि जुनं तर दुकानांतून गायबच झालं. आता तरी डोळे उघडतील म्हणून मी बातमी घेऊन केबिनमध्ये गेले.

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे यंदा पीक कमी आलंय," ते म्हणाले. "पुढच्या हंगामाला बघू!"

*

त्यानंतर सरांनी एक वही सुरू केली. कार्ड बनवणाऱ्या कंपन्या मोजून दोन-तीन, पण सरांच्या वहीत पानंच्या पानं. तीन रकाने: 'सध्याचं', 'येणारं' आणि 'त्याच्यानंतर येणारं'. मेमरी किती, वीज किती खाणार, भाव काय असेल, सगळं यूट्यूबवर बघून पेन्सिलीने लिहिलेलं.

दर वेळी तिसरा रकाना जिंकायचा.

सायनाथ तेलुगू माणूस, स्वभावाने गरीब. त्याने एकदा धीर करून विचारलं, "सर, वो तीसरा वाला तो कंपनी अबी बनाईच नै ना?"

"इसीलिए तो उसमें एक बी खराबी नै!" सर म्हणाले आणि वही मिटली.

*

जुनं कार्ड तापायचं मात्र जोरात. इतकं की कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या वरच्या पत्र्यावर हात ठेववत नसे. सायनाथ रोज सकाळी आपला डबा त्याच्यावर ठेवायचा. दुपारी सांबार वाफाळतं! हळूहळू माझाही डबा तिथे जाऊन बसला.

एक दिवस सर अचानक आले. पत्र्यावर दोन डबे. आम्ही दोघं चोरासारखे उभे. मला वाटलं, आता बोलणी बसणार.

सरांनी एक डबा हात लावून बघितला. मग माझ्याकडे वळून विजयी मुद्रेने विचारलं, "नवीन कार्ड थंड चालतं म्हणतेस ना तू? मग त्यात ही सोय आहे का?"

वहीत 'सध्याचं' या रकान्यात त्याच दिवशी एक गुण वाढला. मी स्वतः पाहिलाय!

*

सर कार्ड घेत नसत, पण बघायला जायचे. जावेदभाईंचं कॉम्प्युटर पार्ट्सचं दुकान हे त्यांचं ठरलेलं ठिकाण. महिन्यातून दोनदा तरी फेरी. जावेदभाई अदबीने चहा मागवायचे, खोकं उघडायचे, सर कार्ड हातात घेऊन उलटसुलट करायचे आणि परत द्यायचे.

"इससे अच्छा आ रहा ना, जावेदभाई?"

"हौ साब, आताइच रहता. हमेशा आता."

"फिर रुकते."

असं दीड वर्ष चाललं. एका दुपारी मी बरोबर होते. कार्ड खोक्यात परत गेलं, चहा संपला, आणि जावेदभाईंच्या मनात बरेच दिवस साचलेला प्रश्न बाहेर पडला.

"साब, बुरा नक्को मानो. तुम शादी कैसे कर लिये?"

सर जराही चिडले नाहीत. "वो पिताजी तय किये थे," ते म्हणाले.

*

इथवर हसायला ठीक होतं. पुढचा प्रसंग आला तेव्हा मात्र मला रडू फुटायचं बाकी होतं.

रेड्डी गारू, म्हणजे आपल्या भाषेत रेड्डीसाहेब, हे आमचे सगळ्यात मोठे बिल्डर. आमच्या ऑफिसचं अर्धं पोट त्यांच्या कामावर. त्यांच्या दुसऱ्या टॉवरची फिल्म वेळेत व्हावी म्हणून मी झाडांची पानं कमी केली. आमच्या कार्डाला तेवढंच झेपत होतं. पानं कमी केली आणि झाडं गोल गोल, हिरवी, गुळगुळीत दिसायला लागली.

सॅम्पल फ्लॅटमध्ये फिल्म लागली. फ्लॅट बघायला मलकपेठहून आलेल्या एक बाई पुढे वाकून बघत होत्या. त्यांनी निरागसपणे विचारलं, "ये नीचे गोभी का खेत कौन लगाया?"

रेड्डी गारू सरांकडे बघतायत. मी जमिनीकडे.

"ऑर्गॅनिक है, म्याडम!" सर म्हणाले.

बाई खूश झाल्या, रेड्डी गारू झाले नाहीत. तिसऱ्या टॉवरचं काम आम्हाला द्यायचं की नाही हे मीटिंगमध्ये ठरवू, एवढं बोलून ते निघून गेले.

मला फार लागलं ते. बारा वर्षं मी हे काम करतेय, आणि लोक माझ्या झाडांना कोबी म्हणतात! मी त्याच दिवशी राजीनामा लिहिला आणि सरांच्या टेबलावर ठेवला. तिसऱ्या टॉवरचं काम गेलं तर तसंही दोघांपैकी एकाला घरी बसावं लागणार होतं. सायनाथच्या घरी दोन लहान मुली आहेत.

सरांनी राजीनामा दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि पडलेल्या आवाजात म्हणाले, "महिनाभर थांब ना. पुढच्या महिन्यात नवीन..."

मी दार आपटून बाहेर आले.

*

मीटिंगला आम्ही तिघंही गेलो. माझा राजीनामा सरांच्या खिशात, मंजूरही नाही आणि परतही नाही.

रेड्डी गारूंनी आमची जुनी कामं बघितली, मान डोलावली. मग खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "उमाकांत गारू, काम तो अच्छाइच है. लेकिन अगले महीने एक नया स्टुडियो खुल रहा. बोलते उनका काम तुमारे से अच्छा, भाव बी कम. एक महीना रुक के देखेंगे. जल्दी क्या है?"

सायनाथने टेबलाखाली माझा पाय दाबला.

सरांचा चेहरा लाल झाला. बेगम बाजारात आवाज चढवून वाढलेला माणूस तो, पण आमच्यासमोर इतका मोठा आवाज कधी काढला नव्हता.

"रेड्डी गारू! वो स्टुडियो अबी खुला नै. उसका काम कोई देखा नै. आने वाली चीज हमेशा अच्छीच लगती, कायकू बोले तो उसकू कोई वापरा नै! तुमारा टॉवर अगले महीने बेचना है क्या अबी बेचना है? अबी बेचना है तो जो सामने बैठा उसकू काम देव! महीना महीना करके बैठे तो दो साल ऐसेइच जाते! दो साल!"

सर हात वर करून तसेच थांबले होते. तोंड उघडं होतं, पण पुढचं वाक्य काही येईना. त्यांनी सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघायला लागले, कारण हसू आवरत नव्हतं.

"करेक्ट!" रेड्डी गारू टेबलावर हात मारून म्हणाले. "बिलकुल करेक्ट बात बोले तुम." आणि तिसऱ्या टॉवरच्या कागदावर तिथल्या तिथे सही केली!

आम्ही गाडीत बसलो. सरांनी खिशातून माझा राजीनामा काढला, चार तुकडे केले आणि परत खिशात ठेवले. ऑफिसचा रस्ता आला तेव्हा सायनाथने गाडी वळवायला घेतली. "सीधा," सर म्हणाले.

जावेदभाईंनी आम्हाला बघून सवयीने चहा सांगितला. दोन कंपन्यांची दोन खोकी काउंटरवर मांडली आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "साब, सच बोलूं तो अगले महीने..."

"जावेदभाई, चुप बैठो," सर म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "माधवी, कोणतं?"

मी एका क्षणात उजवीकडचं दाखवलं.

"दो पॅक करो," सर म्हणाले. "एक इसका, एक सायनाथ का."

जावेदभाई उठले, दारापाशी गेले आणि सरांचा विचार बदलायच्या आत दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून घेतलं.