डोकमर्डीत शिकलेलं जग

मनीषा, आपल्या स्टेशनावर सुरतेकडे जाणारी पॅसेंजर फार तर दोन मिनिटं थांबते, हे तुला सांगायला नको. तेवढ्यात माझा सगळा संसार गाडीत चढवायचा होता. पत्र्याची पेटी, गादीची वळकटी, पिठाचा डबा आणि आईने हातात कोंबलेल्या कळण्याच्या भाकरी. पेटी नेमकी दारात अडकली. आतून तुझे भाऊजी ओढत होते, बाहेरून तू आणि नाना ढकलत होतात, आणि आई डोळे पुसायचं सोडून ओरडत होती, "आडवी करा, आडवी!" पेटी आत आली आणि गाडी हलली. रडायचं राहूनच गेलं. रडू आलं ते नंदुरबार गेल्यावर, आणि तेव्हा बघायला कोणी ओळखीचं नव्हतं.

आदल्या दिवशी पेटी भरताना आईने मला बजावलं होतं, "तिकडे कोणी विचारलं तर दहावी पास सांगायचं. आपण तसं सांगितलंय ना, आता तेच धरून चालायचं." बघण्याच्या कार्यक्रमात नाना तसं बोलून गेले होते. खरं तर नाना आजारी पडले तेव्हा मी दहावीत होते. हायस्कूल दुसऱ्या गावाला, घरी शेताचं काम, आणि मी शाळा सोडली ती परीक्षेच्या आधीच. तुला हे ठाऊक आहे. पण आपल्याकडून माझ्यासारख्याच सुरत, वापी, सिल्वासाला आलेल्या कितीतरी जणी हे वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी सांगते. अशी एखादी गोष्ट बहुतेक प्रत्येकीच्या पेटीत असते.

सिल्वासाला आम्ही डोकमर्डीत एक खोली घेतली. तुझे भाऊजी राजेंद्र जवळच्या गलोंड्याच्या एका कंपनीत धाग्याच्या मशीनवर लागले होते. पहिल्या महिन्यात मला वाटायचं, या गावाला मागचं काही नाहीच. कंपन्या आल्या, मग आपण आलो, एवढीच गोष्ट. भाजीवाल्याशी गुजराती, घरमालकाशी हिंदी, घरात आपली भाषा. ऋतुजा जन्मली आणि ती तर एका वाक्यात तिन्ही बोलू लागली. मी तीन वर्षं एका युनिटमध्ये पॅकिंगला होते. मग ती मराठी शाळेत जायला लागली आणि त्याच शाळेत मला पोषण आहाराची खिचडी शिजवायचं काम मिळालं. गावाकडचे पाहुणे आले की आम्ही त्यांना वासोण्याच्या सफारीतले सिंह दाखवायला न्यायचो. त्याहून जास्त दाखवण्यासारखं इथे काही आहे, असं मला तरी माहीत नव्हतं.

शाळेत इतिहासाला सावंत बाई आहेत. मूळच्या कुडाळकडच्या. इथे बदलून आल्या आणि राहिल्या. नववी-दहावीच्या मुलांना विसावं शतक नुसतं पुस्तकातून कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून शनिवारी सकाळची शाळा सुटली की हॉलच्या खिडक्यांना सतरंज्या लावून त्या प्रोजेक्टरवर सिनेमा दाखवायच्या. कधी जुना, मुका, कधी परक्या भाषेतला. त्या मध्येच थांबवायच्या, फळ्यावर नकाशा काढायच्या, आणि म्हणायच्या, "आता हा पोरगा ह्या खंदकात कशाला येऊन बसलाय, ते सांगा." मुलं सांगायची. मग सिनेमा पुढे.

मी भांडी घासून झाली की दाराशी उभी राहायचे. आधी पाच मिनिटं, मग अर्धा तास, मग शेवटपर्यंत. एका शनिवारी पहिल्या महायुद्धावरचा माहितीपट होता. पुरुष लढायला गेलेले आणि कारखान्यात बाया तोफगोळे भरताहेत. केसांना फडकी बांधलेली, रांगेत उभ्या, हात मशीनसारखे चाललेले. गोळ्यांतल्या त्या स्फोटक दारूने त्यांच्या अंगाचा रंग पिवळा पडायचा, असं त्यात सांगत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "मग ह्यांना हातमोजे कोणी दिले नाहीत का?"

सगळा हॉल मागे वळला. ऋतुजा दुसऱ्या रांगेत होती. तिने मान खाली घातली.

बाईंनी सिनेमा थांबवला. "कोण बोललं?"

"चुकून बोलले, बाई."

"चुकून नाही. इतकी वर्षं हा सिनेमा दाखवतेय, हे कोणी विचारलं नाही. आत या, संगीताताई. तुम्ही कारखान्यात होतात ना? सांगा ह्यांना, आठ तास उभं राहिलं की आधी काय दुखतं."

मी सांगितलं. टाचा, मग कंबर, आणि सुट्टी झाल्यावरही कानात चालू राहणारं मशीन. बाईंनी मला पुढच्या रांगेत खुर्ची दिली, आणि त्या दिवसापासून ती माझीच झाली.

मनीषा, तो काळ कसा गेला हे मला नीट सांगता येणार नाही. मसाला परततानाही मी रशियातच असायचे. कडाक्याच्या थंडीत पावासाठी रांगेत उभ्या असलेल्या बाया एक दिवस कंटाळून रस्त्यावर उतरल्या आणि तिथून राजाचं सिंहासन हललं, हे बघितलं तेव्हा मी रात्रीच्या भाजीला मीठ घालायचं विसरले. ऋतुजाचं जुनं पुस्तक मी ओट्यावर उभं करून पाठ करायचे. एकदा मोठ्याने म्हणत होते, "ऑस्ट्रियाच्या राजपुत्राला गोळी घातली, त्याची बायकोही गेली." शेजारच्या हंसाबेन हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आल्या. "संगीताबेन, कोण गुजरी गयुं?" मी म्हटलं, लांबचे होते, शंभर वर्षांपूर्वी गेले. त्या दारातच बसल्या आणि आम्ही दोघी पोट दुखेपर्यंत हसलो. मग त्यांना सगळं सांगावं लागलं, आणि ऐकून त्या म्हणाल्या, एका माणसासाठी एवढं?

त्यांचे सासरे आत झोपाळ्यावर ऐकत होते. ते इथलेच, ऐंशीच्या पुढचे. त्यांनी मला हाक मारली आणि बोटं मोजत म्हणाले, "उं, दोइश, त्रेश." लहानपणी त्यांना हे आकडे शिकवले होते, कारण देश स्वतंत्र झाल्यावरही सात वर्षं इथे पोर्तुगीजांचं राज्य होतं. मी सोमवारी बाईंना सांगितलं. बाईंनी त्याच आठवड्यात आजोबांना रिक्षात बसवून वर्गात आणलं आणि सगळा वर्ग उं, दोइश, त्रेश मोजू लागला. ज्या गावाला मागचं काही नाही असं मी धरून चालले होते, तिथे युरोपातलं एक राज्य माझ्या शेजारच्या झोपाळ्यावर बसलेलं होतं.

आणि त्याच दिवशी बाई मला म्हणाल्या, "ताई, तुमचं दहावीचं सर्टिफिकेट आणा. मुक्त शाळेतून बारावीचा फॉर्म भरू. ऋतुजाने सांगितलंय, तुमची दहावी झालीय."

मी म्हटलं, "शोधते." पुढचे चार दिवस मी बाईंच्या नजरेला पडले नाही. खिचडी शिजवायची, वाढायची, मागच्या दाराने घरी. शनिवारी हॉलमध्येही गेले नाही. ती खुर्ची रिकामी राहिली, असं ऋतुजाने घरी येऊन सांगितलं, आणि मला राहवेना.

राजेंद्र त्या आठवड्यात फर्स्ट शिफ्टला होते. संध्याकाळी चहा झाल्यावर त्यांना आणि ऋतुजाला समोर बसवलं आणि सांगून टाकलं की मी दहावीची परीक्षा दिलीच नाही. राजेंद्रनी रिकामा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "माझंपण ऐक. मी आयटीआय पूर्ण केलंय असं तुमच्याकडे सांगितलं होतं. एकच वर्ष केलं. दुसऱ्या वर्षाला गेलोच नाही."

सोळा वर्षं एका खोलीत राहून आम्ही हे एकमेकांना सांगितलं नव्हतं. मला आधी राग आला, मग दोघांनाही हसू फुटलं. पण ऋतुजा हसली नाही.

"मला गणितात कमी मार्क पडले की काय म्हणायचीस? मी गावात राहून, शेतात राबून दहावी केली, तुला काय झालं? दर वेळी हेच म्हणायचीस."

तिचं बरोबर होतं. ती उठून गॅलरीत गेली आणि माझ्याशी बोलणं बंद केलं.

सोमवारी शाळेत मी बाईंना खरं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाल्या, "मग काय झालं गो? बारावीच्या ऐवजी दहावीचा फॉर्म भरू. मायलेकी बरोबर बसाल परीक्षेला."

फॉर्म भरला, पण घरात ऋतुजा गप्पच. मी एका बाजूला अभ्यास करायचे, ती दुसऱ्या बाजूला पाठ करून. आठवडाभर असं चाललं. एका दुपारी मी व्हर्सायच्या तहावर उत्तर लिहून भाकरी टाकायला उठले. परत येऊन बघते तर माझ्या वहीत लाल पेनाने खुणा. जर्मनीकडून काय काय काढून घेतलं त्यात दोन मुद्दे राहिले होते, ते समासात लिहिलेले, आणि खाली ठसठशीत अक्षरात, "पुन्हा लिही."

मी पुन्हा लिहिलं. वही तिच्या दप्तरावर ठेवली. संध्याकाळी वही माझ्याकडे परत आली तेव्हा खाली लिहिलं होतं, "बरं आहे. अक्षर सुधार." मी तोंडावर पदर धरून हसले. ते तिने बघितलं आणि तीही हसली. त्यानंतर ती माझी मास्तरीण झाली, आणि सावंत बाईंपेक्षा कडक. भाकरी थापताना प्रश्न विचारायची, आणि चुकलं तर तवा उतरवायला लावून पुस्तक उघडायला सांगायची.

परीक्षेत युद्धकाळातल्या स्त्रियांवर प्रश्न आला. मनीषा, मी पुरवणी मागितली. आयुष्यात पहिल्यांदा पुरवणी मागितली. टाचा, कंबर, हातमोजे, सगळं लिहिलं. दोघी पास झालो. तिला माझ्यापेक्षा खूप जास्त मार्क, पण इतिहासात मी तिच्या पुढे. ते राजेंद्रनी सगळ्या शिफ्टला सांगितलं, आणि पुढच्या महिन्यात स्वतः आयटीआयची चौकशी करून आले.

गेल्या दिवाळीत मी गावी आले होते, तेव्हा तू सासरी होतीस, म्हणून हे तुला सांगायचं राहिलं. दुपारी गल्लीतल्या बाया आईकडे जमल्या, पापडाचं पीठ कुटायला. मी त्यांना बर्लिनची गोष्ट सांगितली. एका शहराच्या मधोमध भिंत घातली, सख्खी माणसं इकडे-तिकडे अडकली, आणि अठ्ठावीस वर्षांनी एके दिवशी लोकांनी हातोडे घेऊन ती फोडायला घेतली. सगळ्या मुसळ थांबवून ऐकत होत्या. मला वाटलं, कोणी विचारेल की ती माणसं भेटली का. आईने विचारलं, "एवढी मोठी भिंत पाडली, मग दगडं कोणी नेली?"

मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "घरी गेल्यावर बाईंना विचारते."

आई लगेच म्हणाली, "घर मंजे? तू घरमाच तं बठेल शे ना."

खरंच, मी तर आईच्याच घरात बसले होते. आजवर मी सिल्वासाला "तिकडे" म्हणायचे. तो शब्द कधी बदलला, मला कळलंच नाही. मी काहीतरी सारवासारव करायला गेले, पण आईने हात उडवला आणि कुटायला लागली. तिच्या तोंडावर वाईट वाटल्याची खूण नव्हती. उलट दुपारभर ती जरा खुशीतच होती. मुलगी सतरा वर्षं परक्या ठिकाणी आहे, हे ओझं बहुधा तिच्या मनावर होतं, ते त्या एका शब्दाने उतरलं. मला मात्र दोन्हीकडे "घरी आले" म्हणायचा हक्क मिळाला, आणि तो मी आता जोरात वापरते.

परत आल्यावर बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, थोडे तुकडे लोकांनी आठवण म्हणून घरी नेले, बाकी बहुतेक सगळी खडी करून रस्त्यांत घातली. मी लगेच आईला फोन लावला.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं केलं. रस्ता झाला म्हणजे येणं-जाणं राहतं."