वाढलं म्हणजे चांगलंच

शाहपुरच्या मळ्यात केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं कापताना बाबांच्या पायाला विळा लागला. त्यांनी जखमेवर हळद थापली आणि चार दिवस कुणाला पत्ता लागू दिला नाही. पाचव्या दिवशी दुपारी हुडहुडी भरली, तेव्हा मी, आत्या आणि काका त्यांना बुऱ्हाणपुरात इमर्जन्सीत घेऊन गेलो.

डॉक्टर पोरगेलीशी होती. जखमेतलं इन्फेक्शन रक्तात पसरल्याचा तिला संशय होता. तिने सलाइन, अँटिबायोटिक लावलं, रक्त घेतलं. दोन तासांनी पुन्हा सुई घेऊन आली, तेव्हा बाबा उठूनच बसले.

"एकदा दिलं ना? मी काय रक्ताची टाकी आहे? ताप उतरला, बीपी चांगलं आहे. चल घरी."

मलाही पटलं. आमच्या घरात तब्येत भांडणावरूनच ओळखतात. मी त्यांच्या चपला शोधू लागलो, मूर्खासारखा.

तिने ऐकलं नाही, रक्त घेतलंच. थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणाली, "ब्लड में लैक्टेट बढ़ गया है. दो था, चार हो गया."

आता आमच्याकडे भाव वाढतो, घड वाढतो, पोर वाढतं. वाढलं म्हणजे चांगलंच. त्यात आत्याने जन्मभर सगळ्यांना रक्त वाढवायला बीट खाऊ घातलेलं.

"रगत वाढलं माय! डबल झालं!" ती ओरडली. काका गेले आणि मावा जिलेबी घेऊन आले. वॉचमनला दिली, शेजारच्या पेशंटच्या नातेवाइकांना दिली, डॉक्टरसमोरही पुडा धरला.

"आप लोग खुश क्यों हैं?" तिने मला बाजूला घेऊन विचारलं. मग समजावलं, की हा आकडा वाढणं वाईट. बीपी नंतर पडतं, हा आधी सांगतो. आत्ताच आयसीयूत हलवायला हवं.

मी लगेच हो म्हणालो. आत्या-काकांना मात्र खरं सांगवेना. "तिथे एसी आहे," म्हणालो. संध्याकाळी बीपी खरंच पडलं, पण तोवर बाबा योग्य खाटेवर होते. ती भीती मी एकट्यानेच गिळली.

सकाळी डॉक्टर हसत आली. आकडा दोनच्या खाली होता. मी दारातून ओरडलो, "कमी झालं! उतरलं!"

आत्याने हंबरडा फोडला. समजवायला गेलो तर मलाच रडू फुटलं, शब्द फुटेना. मला रडताना पाहून काकांनीही गळा काढला.

तेवढ्यात आतून बाबांचा आवाज आला, "कोण गेलं रे?"