पेटीला लावलेला पालथा हात

लेकराचा ताप पाहावा तसा ती पालथा हात पेटीच्या फळीला लावायची आणि मला सांगायची, "ताप नाही, बाई. वारा घालून राह्यल्या."

पेटी मधमाश्यांची. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवंनवं होतं, आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत सरकारी माणसं अशा पेट्या वाटून गेली होती. जळगाव जामोदला मी शाळेत मास्तरीण, आणि ही शेजारची मावशी, विधवा, एकटी. बाकीच्यांच्या पेट्यांत वर्षभरात कोंबड्या अंडी घालू लागल्या. तिची तेवढी गुणगुणत राहिली.

तुम्ही कधी उन्हाळ्यात अशी पेटी पाहिली असेल, तर माश्या दाराशी बाहेर तोंड करून रांगेनं पंख हलवतात हे तुम्हाला ठाऊक असेल. काही पाणी आणून आत पोळ्यावर पसरतात. मावशी त्यांना सुना म्हणायची. "कोणी सांगतलं का ह्यायले? मले खरी सून असती तं तिनं पंखा माह्याच डोक्यात हानला असता!" पुस्तकातला मधमाश्यांचा धडा वाचून दाखवला तेव्हा ती पोट धरून हसली. "हे बी लिवा लागते?"

वैशाखात बहीण आजारी म्हणून ती तीन दिवस वडनेर भोलजीला गेली. जाताना एवढंच म्हणाली, "परातीत पाणी ठेवजा. दुसरं काही करू नोका."

तिसऱ्या दुपारी पाहते तो अर्ध्याअधिक माश्या बाहेर येऊन घोसानं लटकलेल्या. ह्या उडून गेल्या तर मावशीला काय तोंड दाखवू? मी मोठी शहाणी! पाणी शिंपडून त्यांना आत घातलं आणि दाराच्या फटीत ओल्या फडक्याचा बोळा कोंबला. आत कल्लोळ उठला, मग हळूहळू बसला. शांत झाल्या म्हणून मी निवांत जेवले. संध्याकाळी पेटीखालून मध ठिबकत होता.

सकाळी मावशी आली. हातातली पिशवी न ठेवताच तिनं पालथा हात फळीला लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"गार पडली, बाई."

त्या उडून चालल्या नव्हत्या, आतल्यांना हवा लागावी म्हणून बाहेर बसल्या होत्या; फट बुजली तशी आत पोळं वितळलं आणि सगळ्या गुदमरून मेल्या. हेही तिनं माझी समजूत काढतच सांगितलं. "तुमी तं मायेनंच केलं." त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पुढेही येता-जाता तिचा हात त्या रिकाम्या पेटीला लागायचा, आणि मी मान फिरवायची.

पुढच्या उन्हाळ्यात ती तापानं पडली. झळ लागू नये म्हणून बायकांनी दार लावलं होतं. ती पुटपुटली, "बाई, दार उघडा."

मी दार सताड उघडलं. डॉक्टर सुई टोचून गेले होते, माझ्याकडे फक्त विंझणा होता. एक हात भरून आला की दुसऱ्या हातानं वारा घालायची, मध्येच पालथा हात तिच्या कपाळाला लावून पाहायची.

तिसऱ्या दिवशी उन्हं कलताना कपाळ गार लागलं. ताप उतरला, असं बायकांना सांगायला मी आनंदानं उठलेसुद्धा. त्यांनी येऊन तिच्या नाकाशी सूत धरलं; ते हललं नाही.