अकोट तालुक्यातली बातमी

त्या वर्षांत मी अमरावतीला एका छोट्या संस्थेत नोकरी करत होते. वऱ्हाडातल्या शेतीच्या बातम्या जमवायच्या आणि छापून फाइलला लावायच्या, हे माझं काम. आधी एकेका वर्तमानपत्राची साइट उघडून बसावं लागे. मग शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने माझ्या संगणकावर सगळ्या साइटचे आरएसएस फीड जोडून दिले. सगळ्या पेपरांच्या नव्या बातम्या आपोआप एकाच यादीत येऊन पडू लागल्या. मथळा आणि खाली एक ओळ. न वाचलेली बातमी ठळक दिसे, वाचली की फिकट होई.

मला वाटलं, सुटले. पण झालं उलटंच. पेपर सकाळी एकदा येतो; ही यादी दिवसभर वाढत राहायची. आमचं गाव अकोट तालुक्यातलं, दादा तिथेच शेती करायचा. यादीत 'अकोट' दिसलं की मी हातातलं काम टाकून आधी ते उघडायचे.

एका सकाळी दादाचा फोन आला होता. "आज कपाशीवर फवारनी हाये," एवढं बोलून त्याने ठेवला. अकराच्या सुमाराला यादीत ठळक अक्षरं आली : 'अकोट तालुक्यात फवारणी करताना विषबाधा, तिघे अत्यवस्थ.' खाली ओळ होती : 'तिघांना अकोल्याला हलवण्यात आले.' पुढे आजचीच वेळ. मी मथळ्यावर क्लिक केलं आणि वीज गेली. भारनियमनाची वेळ झाली होती.

दादाचा मोबाइल बंद. गावात किराणा दुकानवाल्या चाचांकडे फोन होता, तो नुसता वाजत राहिला. मी पर्स उचलली आणि अकोल्याची एसटी धरली. बस भरलेली होती, मी दांड्याला धरून उभी होते. वहिनीला काय सांगायचं, त्याची वाक्यं डोक्यात तयार होत होती आणि मी ती पुसत होते.

अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात नोंदीच्या खिडकीत एक बाई बसल्या होत्या. त्यांनी वहीवर बोट फिरवलं. "फवारनीचं आज कोनीच नाही आलं, बाई."

"अकोटहून तिघं येणार होते."

"मंग रस्त्यात असतीन."

समोरच्या एसटीडी बूथवरून मी परत चाचांकडे फोन लावला. ह्या वेळी उचलला. "रुक बेटा, बुलावतो त्याले," म्हणाले. रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग कोंबड्या, कोणाची तरी सायकल, आणि खूप वेळ काहीच नाही.

"काहून वं? का झालं?" दादा होता.

मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"अवं, बोल ना!"

"तू फवारणी..."

"वारा लय सुटला, म्हून नाही केली. तू कुठून बोलून राहिली?"

"अमरावतीहूनच," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सहकाऱ्याने ती बातमी उघडली. त्या पेपराने साइट बदलली होती, म्हणून जुन्या बातम्या नव्या होऊन यादीत आल्या होत्या. ही गेल्या वर्षीची होती. मी फाइल काढली. तोच मथळा, वर कोपऱ्यात माझ्याच अक्षरात तारीख. गेल्या वर्षी मी तो वाचला होता, लावला होता आणि त्या दिवशी नीट जेवलेही होते.

संध्याकाळी दादाला विचारलं, "गेल्या वर्षीच्या त्या तिघांचं काय झालं रे?"

"दोघं बरे हायेत. एक गेला, आपल्या बाजूच्याच गावचा," तो म्हणाला. "तू त रोज बातम्या वाचतं. तुले नाही समजलं?"

नव्हतं समजलं. त्याच्या जाण्याची बातमी माझ्या यादीत कधी आलीच नव्हती.

पुढच्या फवारणीला मी रजा टाकून गावी गेले. दादाने नाकातोंडाला रुमाल बांधला, तोही मी ओरडले म्हणून. पाठीवर पंप घेऊन तो कपाशीत शिरला. मी बांधावर उभी राहिले. वारा माझ्याकडे वळला की औषधाचा उग्र वास यायचा, आणि मी त्याला हाक मारायचे. तो ओ देईपर्यंत मारतच राहायचे.